किलिम म्हणजे मारणं

प्रिय लेईसाले,

सकाळपासून हे पत्र चारदा लिहायला घेतलं आणि चारदा उठले. एकदा कोंबड्यांना पाणी ठेवायला, एकदा फाटक लावायला. फाटक लावलेलंच होतं. डेस असता तर म्हणाला असता, बाई गं, जरा एका जागी बूड टेकव. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, आता मला बसवणारं कुणी नाही. शुक्रवार आहे, दुपारचे दोन वाजलेत, आणि संध्याकाळच्या आत हे लिहून संपवायलाच हवं.

तुझा काल्तांग तुरुंगातून सुटला हे तुला कळलंच आहे. परवा फोनवर तू रडलीस आणि म्हणालीस, माझ्या लेकराजवळ तू होतीस म्हणून मी तग धरला. रविवारी चर्चमध्ये माझं नाव घेऊन प्रार्थना केली, हेही तूच सांगितलंस. तू विणून पाठवलेली चटई मी अजून उलगडलेली नाही. दोरी बांधलेलीच दाराशी उभी आहे, आणि येता-जाता मी तिला वळसा घालून जाते.

त्या रविवारी काय झालं ते तू तुकड्यातुकड्यांनी ऐकलंयस, आता सलग सांगते. जेवणं झाली होती. रताळ्यांच्या शेतामागच्या खोल्यांपुढे बेटांवरून मजुरीला आलेली आपली पोरं बसली होती. काल्तांग सगळ्यांना फोनवर त्याच्या बाळाचा फोटो दाखवत होता. त्यांच्यातला सेलविन तोंडाचा फटकळ, पण मनाने वाईट नव्हता, माझी कितीदा चेष्टा करायचा. तो म्हणाला, नाक काही तुझं नाही रे, गावात चौकशी कर. सगळे हसले. काल्तांगने उठून त्याला दोन ठोसे मारले. बाकीच्यांनी सोडवलं. काल्तांग खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. सेलविन बाटली घेऊन एकटाच नदीच्या बंधाऱ्यावर गेला. सोमवारी सकाळी तो बंधाऱ्याखाली पाण्यात सापडला. ओठ फुटलेला होता आणि गाल काळानिळा झाला होता.

पोलिसांनी काल्तांगला विचारलं, तू त्याला काय केलंस? तो हमसून रडत होता. म्हणाला, "मी किलिम हेम." आपल्या बेटावरच्या बोलीत तुला-मला यात समजून घ्यायचं काही नाही. मी त्याला मारलं. जिवानिशी मारलं म्हणायचं तर आपण पुढे आणखी एक शब्द लावतो, 'देद' म्हणतो, तेव्हा माणूस मरतो. नुसतं किलिम तर आपण दिवसातून दहादा म्हणतो. आई पोराला किलिम करते, पोर कुत्र्याला किलिम करतं. इंग्रजांनीच कधीतरी आपल्या आज्या-पणज्यांच्या हाती हा शब्द दिला, आणि त्यांनी तो वापरून वापरून बोथट केला. पण इथल्या इंग्रजी कागदावर तो जसा होता तसाच उतरला. किल. ठार मारलं. नंतर कितीही नाही म्हणाला तरी त्या एका ओळीवर काल्तांग सात महिने आत बसला.

गेल्या महिन्यात मी तुला सांगितलं होतं, शहरातून फोनवर दुभाषी घेतला होता, त्याने घोटाळा केला. बेटावर सगळ्यांनी त्या माणसाला शिव्या घातल्या. तूही घातल्यास. मी फोन कानाला लावून ऐकत राहायचे.

लेईसाले, मला या शब्दाची खोड ठाऊक होती. मी बेटावरून इथे डेसच्या देशात नवी नवरी म्हणून आले त्या वर्षी शेजारच्या बाईला इंग्रजीत सांगितलं होतं, तुमच्या कुत्र्याने आमचं मटण पळवलं, मी त्याला किल केलं. ती अनवाणी धावत अंगणात गेली. कुत्रा शेपूट हलवत उभा. डेस हसून हसून खुर्चीतून घसरला, आणि मी त्या दिवशी ठरवलं, या लोकांसमोर पुन्हा असं हसं होऊ द्यायचं नाही. मग त्यांची इंग्रजी घोटून घोटून शिकले. हे लोक तरी हा शब्द कुठे जपून वापरतात? गाडीचं इंजिन बंद करतात तेही किल, बूट चावला तरी तो बूट त्यांना किल करतो. त्यांना कुणी बेड्या घालत नाही. एकतीस वर्षांत मी इतकी त्यांच्यासारखी बोलायला लागले, की आपला किलिम माझ्या कानात येईपर्यंत त्यांचा होऊन जायचा.

दीड महिन्यापूर्वी कामावर, पॅकिंगच्या शेडमध्ये एक नवी मुलगी लंगडत माझ्याकडे आली. म्हणाली, मावशी, खोक्याने माझ्या पायाला किलिम केलं. मी बर्फ आणायला वळले आणि तिथेच खाली बसले. मुलगीच मला पाणी आणून द्यायला लागली.

फोनवर कुणी दुभाषी नव्हता, लेईसाले. मी होते. सोमवारी पोलीस शेडमध्ये आले, विचारलं, दोन्ही भाषा कुणाला येतात? मुकादमाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी हातमोजे काढले, केस नीट केले. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? काल्तांग मला पाहून जरा सावरला. त्याला वाटलं, आपलं माणूस आलं. तो जे बोलला ते मी इंग्रजीत सांगितलं, तो म्हणतोय, मी त्याला ठार मारलं. पोलीस चांगला होता. त्याने मला पुन्हा विचारलं, नक्की असंच म्हणाला का? मी हो म्हणाले.

याहून वाईट पुढे आहे. काल्तांगचं वाक्य तेवढंच नव्हतं. तो म्हणाला होता, "मी किलिम हेम तू ताएम." मी त्याला दोनदा मारलं. हे 'दोनदा' मी ऐकलं. इंग्रजीत ते विचित्र वाटत होतं, एका माणसाला दोनदा ठार कसं मारणार? पोलीस हसेल, मला अडाणी समजेल, असं वाटलं. म्हणून मी तेवढं गाळलं. त्या एका शब्दापाशी थांबले असते तर सगळंच उलगडलं असतं.

खोक्याच्या त्या दिवसानंतरही मी लगेच गेले नाही. अकरा दिवस गप्प राहिले. कामावर गेले, चर्चमध्ये गेले, तुझा फोन घेतला. बाराव्या दिवशी काल्तांगच्या वकीलबाईंकडे गेले. तरुण आहे, फारुजिया नावाची. तिने पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. आधी काल्तांगचं रडणं, मग त्याचं 'तू ताएम', आणि त्याच्या पाठोपाठ माझा स्वच्छ, शिकलेला आवाज. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे. मग सरकारमान्य दुभाष्याने ते पुन्हा ऐकलं. डॉक्टरांनी आधीच लिहिलं होतं की जीव पाण्याने गेला, ठोशांनी नाही. सेलविन पाय घसरून पडला की कसा, ते कुणालाच कधी कळणार नाही. खटला मागे घेतला गेला.

पण तुझा नवरा मान्सेस काही परत येत नाही. तो माझ्या शब्दावर विश्वास ठेवून, रीतीप्रमाणे समेटाची डुकरं आणि चटया घेऊन बोटीने पेंटेकोस्ट बेटावर गेला. सेलविनच्या बापापुढे गुडघ्यावर बसला, माझ्या मुलाने तुमचा मुलगा मारला म्हणाला. परत आला तो अंथरुणालाच खिळला. त्याच्या मातीला त्याचा मुलगा नव्हता. मुलगा खुनी नाही, हे त्याला कळायच्या आतच तो गेला. हे मी केलं. सेलविनच्या बापाला मी वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात सगळं कबूल केलं आहे.

सुटल्यावर काल्तांग माझ्याकडेच राहायला आला, जाणार तरी कुठे? वकीलबाईंनी त्याला सगळं सांगितलं होतं.  दोन दिवस त्याने अंगणातलं गवत कापलं, पन्हळ दुरुस्त केली. काल जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "मावशी, आईला फोनवरच्या माणसाचंच सांगतो मी. तिला तुझ्याशिवाय दुसरी मैत्रीण नाही." मी त्याला वाढत राहिले. 

उद्या दुपारच्या विमानाने तो निघेल. तुझ्या गळ्यात पडेल आणि माझ्यासाठी तुझ्याशी खोटं बोलेल. माझ्यामुळे त्याच्या तोंडी एकदा खोटं गेलंय, पुन्हा जायला नको, म्हणून हे लिहिलं. हे पाकीट त्याच्या पिशवीत तळाशी, बाळाच्या झबल्यांमध्ये ठेवते आहे. त्याला ठाऊक नाही. झबली तूच काढशील. वाचून झाल्यावर त्याला रागावू नकोस, तो तुला जपत होता. माझं काय करायचं ते तू ठरव. फोन केलास तर मी उचलेन. नाही केलास तरी मला त्याचा अर्थ नीट कळेल.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
लेईताऊ