मध्यंतराला उठणाऱ्या समीक्षकाचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा चित्रपट परीक्षण (आता निवृत्त), आज गुरुवारी सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, कोणाच्याही दडपणाला, आमिषाला अगर पार्श्वसंगीताला बळी न पडता राजीखुशीने लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे. या बाबतीत अनेक निर्मात्यांनी वेळोवेळी लेखी शंका घेतलेली असल्यामुळे आमच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

येत्या मंगळवारी माझ्या छातीवर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे काही कारण नाही. हे वाक्य मी पडद्यावरच्या डॉक्टरांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले असल्यामुळे मला काळजी वाटू लागली आहे. म्हणून हा खटाटोप. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात एखादे सापडलेच तर ते बनावट समजावे. शेवटच्या रिळात बनावट मृत्युपत्र निघते असे चित्रपट पुष्कळ आहेत. मी ते पाहिलेले नाहीत. का पाहिले नाहीत त्याचा खुलासा कलम चारमध्ये येईल.

कलम १. राहते घर, दुसरा मजला, तीन खोल्या आणि न्हाणीघरातला गळका नळ, हे सर्व माझ्या पत्नीस. कागदावर मालक म्हणून माझे नाव आहे, पण ती पस्तीस वर्षे दवाखान्यात परिचारिका होती आणि घर तिच्या पगारावर उभे राहिले. माझ्या पगारावर नळ बसवला होता. तिच्यानंतर घर मुलीस मिळावे. जावयाबद्दल माझी तक्रार नाही. माणूस गुणी आहे. पण तोही फोनवर परीक्षणे करतो, आणि चित्रपटाची दोन मिनिटांची झलक बघूनच निकाल देऊन मोकळा होतो. परवा न पाहिलेल्या चित्रपटाला त्याने साडेतीन तारे दिले. मी त्याला रागे भरणार होतो, मग स्वतःचाच इतिहास आठवला आणि गप्प बसलो. निदान मी मध्यंतरापर्यंत तरी बसत असे.

कलम २. भिंतीवरची घड्याळे, एकूण अकरा. एका निर्मात्याकडून त्याच्या प्रत्येक चित्रपटाच्या आदल्या दिवशी एक घड्याळ घरी येत असे, 'प्रेमाची आठवण' म्हणून. मी ते ठेवून घेत असे आणि चित्रपट झोडपत असे. या दोन्ही गोष्टी मी प्रामाणिकपणे केल्या. अकराही घड्याळे त्या निर्मात्याच्या लाडक्या दिग्दर्शकास द्यावीत, ज्याचा एकही चित्रपट तीन तासांच्या आत संपलेला नाही. सगळी चालू आहेत. एखादे तरी त्याच्या नजरेस पडेल.

कलम ३. माझी शिसवी काठी 'सदाबहार' नायकास. हे गृहस्थ माझ्याहून चारच वर्षांनी लहान. त्यांच्या केसांबद्दल मी एकदा लिहिले की अभिनय केसांनी केला आणि श्रेय डोक्याने घेतले. तेव्हा त्यांनी वकिलाची नोटीस धाडली होती. ती नोटीस फ्रेम करून बैठकीत लावली आहे, तीही काठीसोबत द्यावी. पुढच्या चित्रपटात ते कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहेत असे कळते. जिना चढताना काठी उपयोगी पडेल.

अंधारात टिपणे काढण्याची छोटी विजेरी आमच्या थिएटरच्या डोअरकीपरला द्यायची होती. परंतु तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील सांगतात. म्हणून ती मी आजच त्याच्या हातात दिली आणि विषय संपवला.

कलम ४. वह्या, एकूण एकतीस. वर्षाला एक. हे कलम सावकाश वाचावे.

नवा चित्रपट शुक्रवारी सकाळी साडेअकराच्या खेळाला लागे. आमच्या वर्तमानपत्राचे पान त्याच दिवशी दुपारी तीनला छपाईला सोडायचे असे. दुसऱ्या वर्तमानपत्राच्या आधी आमचा निकाल छापून यावा ही मालकांची हौस. तेव्हा मी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसे. मध्यंतराची पाटी आली की उठे आणि सायकलवर टांग टाकून कचेरी गाठे. पूर्वार्ध लिहून होईपर्यंत टेबलावरचा फोन वाजे. शेजारच्या खुर्चीत बसून उत्तरार्ध पाहिलेली माझी पत्नी तिकिटाच्या खिडकीतून फोन करून शेवट सांगे. रात्रपाळी करून आलेली असायची बिचारी, पण डोळे टक्क उघडे.

ती सांगे ते मी उतरून घेई. 'मरणाऱ्या बापाने पाच मिनिटे भाषण केले. एवढा दम होता तर मेला कशाला?' हे माझे वाक्य म्हणून गाजले. ते तिचे आहे. 'नायकाला गोळी उजव्या खांद्याला लागली, पट्टी डाव्याला बांधली, आणि दुखत होते ते फक्त प्रेक्षकांना' हेही तिचेच. माझ्या नावावर लोकांनी टाळ्या वाजवल्या असे जे जे होते, ते तपासून पाहिले तर बहुतेक मध्यंतरानंतरचे निघेल. वह्यांची डावी पाने माझी आहेत, उजवी तिची. माझ्या निवडक परीक्षणांचे पुस्तक काढायचे कोणी मनात आणल्यास परवानगी तिने द्यावी आणि मुखपृष्ठावर तिचे नाव आधी छापावे. मला याची लाज वाटते, आणि ती मी लिहून ठेवतो.

आता मूळ गुन्हा. सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने आयुष्यातला एकमेव चित्रपट काढला. होते नव्हते ते त्यात घातले. त्या शुक्रवारी मी सवयीने मध्यंतराला उठलो. शेजारची खुर्ची रिकामी होती, कारण दवाखान्यातून तातडीचा निरोप आल्यामुळे पत्नी चित्रपट सुरू व्हायच्या आतच गेली होती. हे मला दिसत होते, तरीही मी उठलो. कचेरीत फोन वाजला नाही. तीन वाजायला आले, उपसंपादक डोक्यावर उभा. पूर्वार्धात दोन मुलांची आई आजारी पडून दवाखान्यात जाते एवढे मी पाहिले होते. पुढचे मी ठोकून दिले. 'आईच्या मृत्यूचा प्रसंग नको तितका ताणला आहे आणि उत्तरार्ध अपेक्षेप्रमाणे कोसळतो,' असे लिहून अर्धा तारा दिला. भावाला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, म्हणून जरा जास्तच फटकारले.

रविवारी पत्नी एकटीच जाऊन चित्रपट पाहून आली. चपलाही न काढता म्हणाली, "अहो, आई मरत नाही त्यात."

मी दुरुस्ती छापली नाही. छापली असती तर तोवरच्या सगळ्या डाव्या-उजव्या पानांचा बोभाटा झाला असता. मंगळवारी चित्रपट उतरला. चूक कोणाच्याही लक्षात आली नाही, कारण उत्तरार्ध पाहायला दुसरेही कोणी थांबले नव्हते. धाकट्याने त्यानंतर माझ्याशी बोलणे टाकले. याच गावात, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर त्याने फोटोचा स्टुडिओ टाकला. मी तो रस्ता टाळत आलो.

कलम ५. माझ्या धाकट्या भावास, बाल्कनीत ठेवलेल्या दोन जोडखुर्च्या, थिएटर पाडले तेव्हा मी विकत घेतलेल्या. तसेच माझी माफी, जी त्याने माझ्या पश्चात स्वीकारावी.

(वरील कलम रद्द. कारण पुढीलप्रमाणे.)

शुक्रवारी पत्नीने कच्चा मसुदा वाचला. घर तिला दिल्याबद्दल काहीतरी गोड बोलेल अशी माझी समजूत होती. तिने कागद टेबलावर आपटला.

"तुमचं घर ठेवा तुमच्याजवळच. मेल्यावर माफी मागताय होय? म्हणजे त्याला उलट बोलायचीही सोय नको. आधी जाऊन या त्याच्याकडे."

"मंगळवार होऊ दे, मग बघू," मी म्हणालो.

"पस्तीस वर्षं दवाखान्यात मी असे मंगळवार बघितलेत," ती म्हणाली. "उद्याच जायचं."

कलम ५ (दुरुस्त). शनिवारी सकाळी मी स्टुडिओत गेलो. धाकटा खाली मान घालून कोणाचे तरी फोटो कापत होता. केस पार पिकले आहेत त्याचे.

"पासपोर्टचा काढायचाय का?" त्याने वर न बघता विचारले. मग बघितले. कात्री खाली ठेवली.

मी तयार करून नेलेली वाक्ये विसरलो. म्हणालो, "धाकट्या, मी तुझा पिक्चर अर्धाच पाहिला होता."

"माहितीये. आई मेली असं लिहिलं होतंस. वाचलं तेव्हाच कळलं."

"मग पेपरला पत्र का नाही टाकलंस? दोन ओळींत माझा निकाल लागला असता."

"म्हणूनच नाही टाकलं. नोकरी गेली असती ना तुझी, दादा. पोरगी शाळेत होती."

"अरे, मग सव्वीस वर्षं बोलला का नाहीस?"

तो कात्री इकडची तिकडे करत राहिला. "वाट बघत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, उरलेला बघायला येशील कधीतरी."

मला रडू आले. हे मृत्युपत्र असल्यामुळे खरे लिहितो, चांगले मोठ्याने आले.

मग त्याने दाराला 'बंद आहे' ची पाटी लावली, पासपोर्टच्या फोटोमागे धरतात तो पांढरा पडदा ओढला, कसलेसे यंत्र जोडले आणि थेट उत्तरार्धापासून चित्रपट लावला. एक गिऱ्हाईक दार ठोठावून गेले. मी स्टुलावर बसलो होतो. पाठ दुखत होती, पण हललो नाही.

परीक्षण पुढीलप्रमाणे नोंदवतो. उत्तरार्ध संथ आहे. कॅमेरा हलतो. माणसे दार उघडून आत यायला फार वेळ घेतात. थोरल्या मुलाचे काम करणारा नट बघवत नाही, आणि तो कोणावर बेतला आहे हे मला कळले. पूर्वी दिलेला अर्धा तारा मी कायम करतो.

आमची आई मी चौदा वर्षांचा आणि धाकटा नऊ वर्षांचा असताना गेली. दवाखान्यात नेली ती परत आली नाही. चित्रपटातली आई परत येते. येते, स्वयंपाकघराची दशा बघते, पदर खोचते आणि दोन्ही मुलांना अकरा मिनिटे झापते. भांडी अशीच टाकलीत, ओल्या पायांनी घरभर फिरलात, मी नसले की तुम्हाला अक्कलच राहत नाही. आमचीही असेच ओरडायची, याच शब्दांत. हा प्रसंग कात्री लावून निम्मा करायला हवा होता, असे समीक्षक म्हणून माझे ठाम मत आहे. मी तो तीन वेळा लावायला सांगितला.

दोन्ही खुर्च्या रविवारी सकाळीच स्टुडिओत पोचवल्या आहेत. त्यामुळे या कलमान्वये धाकट्यास काहीही देणे उरलेले नाही.

कलम ६. माझ्या पश्चात शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर सदाबहार नायकास बोलावू नये. तो न बोलावता आला तर माईक लपवावा. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी पत्नीस नेमतो. शेवट कसा झाला हे सांगण्याचे काम ती पूर्वीपासून करत आली आहे. मंगळवारी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर ती आणि धाकटा बसणार आहेत. शस्त्रक्रियेला चार तास लागतील असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, डबा घेऊन येतो.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांनी ते सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावे अशी अट घातली.

स्थळ: राहते घर, बाल्कनी, जेथे आता खुर्च्या नाहीत.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, सोमवार, दुपारी तीन.

सही: चित्रपट समीक्षक (निवृत्त)

साक्षीदार १: कुटुंबाचे डॉक्टर. लिहून देणाऱ्याची बुद्धी शाबूत आहे. रक्तदाब किंचित जास्त. काळजीचे कारण नाही.

साक्षीदार २: डोअरकीपर (निवृत्त). सही माझ्यासमक्ष केली. एकतीस वर्षे मी यांना मध्यंतराला दार उघडून देत आलो. शनिवारचे कळले, बरे वाटले.