बाबांची वेलांटी

५ फेब्रुवारी, केनवड
आज ‘री’ जमली! बाबांची वेलांटी कशी – मागच्या दोन अक्षरांवर पदरासारखी पसरते. फॉन्टमध्ये ती इतके दिवस नुसती लटकत होती.

आमच्याकडे लग्न ठरलं की दाराशेजारच्या भिंतीवर नवरानवरीची नावं रंगवतात. मला आठवतंय तेव्हापासून गावात ती बाबांनीच घातली. शेतातली भाजी पोटापाण्याला, ब्रश हौसेला. दिवाळीत लकव्याने उजवा हात गेला. म्हणून मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन इथेच आले – त्यांच्या अक्षरांचा फॉन्ट करायला. जाड-बारीक रेघ मला त्यांनीच अंगणात, धुळीत बोट धरून शिकवली. किती दिलं या माणसानं!

११ फेब्रुवारी
गावभर भिंतींचे फोटो काढले. सरिताकाकूंनी भिंतीला टेकवलेल्या तुराट्या स्वतः बाजूला केल्या. “घे वं, काढ फोटू. तुह्या बापानं लिवलं, अजून पुसलं नाई.” वर चहा पाजला. माणसं फार चांगली आहेत.

१४ फेब्रुवारी
संयमचा फोन. “घरी कवा सांगतं?” तो जवळच्या शिरपूरचा, कापड दुकानवाल्या सुगनचंदजींचा मुलगा. कॉलेजपासूनचं आमचं. दोन्ही घरी कोणालाच माहीत नाही. बाबांना जात आडवी आली तर? या दुखण्यात त्यांना धक्का बसला तर? तोंड उघडत नाही माझं.

२० फेब्रुवारी
गाढव मी! शुद्ध गाढव!

फॉन्टची परीक्षा मी लग्नाच्या नावांनीच घेते, भिंतीवर असतात तशी. वाशिमहून मोठे कागद छापून आणले आणि गठ्ठा तसाच बाबांच्या खाटेवर ठेवला. धीरज-सुचिता. गोपाल-पिंकी. बाबा खुशीत, अक्षरांवर डावं बोट ठेवत – “दांडीचं पाऊल लय जड केलं तू. या गाठीचं पोट भर.” मग शेवटचा कागद. शुभांगी-संयम! आमच्या दोघांच्या नावांचा, एकटीनं बघायला छापला होता.

“हा संयम कोन?”
“शिरपूरचा. जैन आहे. बाबा, मला त्याच्याशी लग्न –”
“चाय मांड म्हन तुह्या मायले.”

२१ फेब्रुवारी
बाबांनी कागदांचा गठ्ठा खाटेखाली सारला. आई नुसती भांडी आपटते.

२४ फेब्रुवारी
पुण्याच्या एका कंपनीनं फॉन्ट घेतला! म्हणाले, मथळ्यांना अशी ऐटबाज अक्षरं नव्हतीच. बाबांना सांगितलं. “चांगलं झालं,” म्हणाले, भिंतीकडे तोंड करून. तरी मी पाया पडले. त्यांनी नाही म्हटलं तरी माझ्या हातात आहे ते त्यांचंच. रडू आलं, पण मन भरलेलं होतं.

२५ फेब्रुवारी
आईनं हलवून उठवलं. “बाहीर ये. पाह्य, तुह्या बापानं काय करून ठेवलं!”

दाराशेजारी ओला गेरू. चि. सौ. कां. शुभांगी. चि. संयम. डाव्या हातानं! अक्षरं वाकडी, रंग ओघळलेला. सुपारी फुटून लग्न पक्कं झाल्याशिवाय कोणी असं नाव घालत नाही. बाबा ओट्यावर बसून चहा पीत होते, कोपरापर्यंत लाल. “वाचू दे गावाले,” म्हणाले. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले.

आता संयमला फोन लावतेय, उचलत नाही. त्याच्या घरी अजून माहीत नाही, आणि शिरपूरची एसटी आमच्या भिंतीसमोरच थांबते!