तीन फूट सांगून दोन फुटांचा टँक

सोमवार, १० नोव्हेंबर

बोलायचं नाही! दोन आठवडे एक शब्द नाही. शनिवारी डॉक्टरांनी दुर्बीण घालून गळ्यातल्या गाठीचा तुकडा काढला, नागपूरला तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत घसा बंद. कुजबुजायचंही नाही म्हणे, त्यानं जास्त ताण पडतो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा लतिकाचा नवरा, म्हणजे मी, गप्प आहे. म्हणून ही वही. अमेयची कॉलेजची, अर्धी कोरी. पोरगा पुण्याला गेला, वही राहिली.

थकलो बाप्पा. तीन महिने आवाज बसलेला. गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, ज्यानं जो काढा सांगितला तो प्यालो. तंबाखू नाही, विडी नाही. मग माझ्याच गळ्यात काहून? कोणाला विचारू? विचारायलाही बंदी.

संध्याकाळी शकु आली, लतिकाची धाकटी बहीण. मला बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही असं तिला वाटते. माझ्यासमोरच म्हणते, "ताई, घरात काळा मासा आण. घरावर येणारं तो आपल्या अंगावर घेते. मासा गेला की समज, संकट गेलं."

गाठ माझी, मरायचं माशानं! हसू आलं. लतिका मात्र हसली नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लतिकानं मोबाइलवर जुना टँक शोधून काढला. इथेच शहरात, राइट टाउन मोहल्ल्यात. "तीन फूट, फिल्टरसकट, एकदम चांगला." मला ऑटोत घालून नेलं. "तुम्ही इन्स्पेक्शनमधले, तुमच्याशिवाय कोण पाहणार?" खरं आहे. जन्मभर फॅक्टरीत हेच केलं — दुसऱ्यांनी बनवायचं, मी नापास करायचं. टेप खिशात घातला.

विकणारा पियूष नावाचा तरुण. बदली झाली हैदराबादला, घर आवरून राहिला. मी बोलत नाही पाहून तो माझ्याशी ओरडून बोलू लागला. "अंकल! बैठिए! पानी लेंगे?" कान फुटले!

टेप लावला. लांबी दोन फूट, वर बोटभर. पुन्हा लावला. तेच. चिठ्ठीवर लिहिलं — सांगितले तीन, आहे दोन. नापास. लतिकानं वाचलं आणि त्याला म्हणाली, "ये बोल रहे हैं, सुंदर है, थोड़ा छोटा लग रहा।" मी असं कधी बोललो?

"आंटी, स्टैंड मिला के तीन फीट है ना!"

उंची! पठ्ठ्यानं उंची सांगितली होती, तीही स्टँडसकट. असे नमुने फॅक्टरीतही होते.

तरी सगळं पाहिलं. सवयच मेली. कोपऱ्यांवरून नख फिरवलं, चिकटवलेला भाग कुठे सुटला आहे का. टँक काठोकाठ भरायला लावला, खाली पेपर पसरले आणि बसून राहिलो. चहा झाला, पेपर कोरडेच. पास. मग फिल्टर. आतला स्पंज काळा, वास असा की लतिकानं पदर नाकाला लावला. वायरला एक जोड, टेप गुंडाळलेला. पण चालू केल्यावर पाणी जोरात फेकतो, आवाज कमी. स्पंज धुतला तर चालेल.

चिठ्ठी लिहिली — फिल्टर पास, टँक नापास, चला घरी. तेवढ्यात लतिकानं विचारलं, "भैया, फिल्टर बंद पड़ गया तो?"

"फिर तो आंटी, इतने छोटे टैंक में दो-तीन दिन में मछली गई समझो।"

"अच्छा," म्हणाली, आणि तिथल्या तिथे पर्स उघडली. मी चिठ्ठी हलवत राहिलो. कोण पाहते!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

थुंकी गिळतानाही दुखते. काही लिहावंसं वाटत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

टँक बैठकीत बसवला. कमानिया गेटजवळच्या दुकानातून मासे आले, पाच केशरी, एक काळा. काळ्याचे डोळे बाहेर आलेले, तोंड कायम रुसलेलं. आमच्या जुन्या फोरमनसारखा दिसतो. स्पंज मीच धुतला, जोड नव्यानं बांधला, वायर वर टांगली. बऱ्याच दिवसांनी हातांना काम मिळालं. फिल्टर इतका मस्त चालून राहिला की मीच बघत बसलो.

अमेयचा फोन. "बाबा, बोलू नका, फक्त ऐका. टेन्शन घेऊ नका." लतिका तिकडे सांगते, "नाही रे, मजेत आहेत, माशांशी खेळून राहिले." मजेत! रात्रभर छताकडे पाहतो, ते हिला माहीत आहे. ती पण पाहते.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुपारी झोपून उठलो तर सगळे मासे वर येऊन तोंड उघड-मीट करत होते. फिल्टर बंद. बटणच बंद! चालू केलं. थोड्या वेळानं खाली गेले. काल पण असंच झालं होतं, मला वाटलं लाइट गेली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पाहिलं. डोळे मिटून दिवाणावर पडलो होतो. लतिका आली, टँकसमोर उभी राहिली. हात जोडले. चक्क माशाला हात जोडले! मग बटण बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागली.

आधी डोकं फिरलं. एवढी मेहनत घेऊन लावला आणि ही बंद करते? ओरडणार होतो. ओरडता येत नाही, बरं झालं. कारण मग उजेड पडला. हिला मासा मरायला हवा आहे. रिपोर्टच्या आधी मरायला हवा आहे. झुरळ दिसलं तर मला हाक मारणारी बाई! माझ्यासाठी जीव घ्यायला निघाली, तोही हात जोडून.

तोंडावर चादर ओढून रडलो. मग उठून फिल्टर चालू केला. त्या फोरमननं काय बिघडवलं आहे कोणाचं?

गुरुवार, २० नोव्हेंबर

घरात युद्ध सुरू आहे. मी अंघोळीला गेलो की बंद, ती भाजी घ्यायला गेली की चालू. मला बोलता येत नाही, ती बोलत नाही. शेवटी चिठ्ठी लिहिली — इथली लाइट सारखी जाते वाटते.

वाचली. "हो नं," म्हणाली, "या बाजूला असंच आहे." चेहरा असा की जशी काही बिजली ऑफिसातच नोकरी करते!

पण रात्री जेवली नाही. ताटात भात चिवडत बसली. दोघंही बारीक होऊन राहिलो, मासे तेवढे टुणटुणीत.

शनिवार, २२ नोव्हेंबर

काल फिल्टर दिवसभर चालू होता. आजही. मुद्दाम दोनदा बाहेर जाऊन आलो, चालूच. हरली वाटते. टँकसमोर वेताचा मोढा टाकून बसली होती, चिमूट चिमूट खाणं टाकत. "अरे काळ्या, बाकीच्यांना खाऊ दे नं. खादाड कुठला!"

मी जिंकलो. पण त्याचं काहीच वाटलं नाही. रिपोर्ट सोमवारी.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रिपोर्ट चांगला नाही.

डॉक्टर हळू बोलले. "अंकल, बीमारी है। लेकिन शुरुआत में पकड़ी है, ठीक होने के पूरे चांस हैं।" नागपूरला जाऊन लाइट घ्यावी लागेल, म्हणजे गळ्यावर रेडिएशन, बरेच आठवडे. लतिकाच्या मावसभावाकडे राहता येईल. आता बोलायला हरकत नाही म्हणाले, थोडं थोडं. मी नुसती मान हलवली.

ऑटोत लतिकानं माझी बाही धरून ठेवली. घरी आल्याबरोबर आत गेली, नळ सोडला, बराच वेळ सोडून ठेवला. मी टँकसमोर उभा राहिलो. सहाच्या सहा मासे मजेत. काळा काचेशी येऊन माझ्याकडे बघत होता. काय घेतलंस रे तू अंगावर? पोटभर खाल्लंस तेवढं.

मी वाचवला त्याला. मीच! हे दिवसभर डोक्यातून जात नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

दुपारी लतिका जरा आडवी झाली, तेव्हा फिल्टर मी बंद केला. हसायचं तर हसा कोणी. मला भीती वाटते. मला जगायचं आहे.

दिवाणावर येऊन पडलो, डोळा लागला. जागा झालो तर फिल्टर चालू. लतिका मोढ्यावर बसलेली, माझ्याकडे पाठ.

"त्याला काहून मध्ये घेता?" म्हणाली. "आपलं आपण पाहू."

मी "हो" म्हणालो. आवाज फाटकाच निघाला, पण तिला ऐकू गेला.