सातवे कलम आणि अध्यक्षांचा बूट

यवतमाळ

तीर्थस्वरूप सुनीतीआत्या यांस,
ऋचाचा साष्टांग नमस्कार.

ज्या भाचीने तुमच्यासमोर कधी सलग दोन वाक्ये उच्चारली नाहीत, तिने एवढे लांब पत्र धाडावे हा आगाऊपणाच. त्याची क्षमा आरंभीच मागते. तुमचे गुडघे बरे असतील, कळंबला थंडी ओसरली असेल आणि दुपारी खोलीची कडी लावून चालणारा तुमचा जप निर्विघ्न पार पडत असेल, अशी आशा करते.

मला अपस्मार आहे, ही गोष्ट लग्न ठरेपर्यंत घराबाहेर जाऊ नये, ही तुमची आज्ञा मी आठ वर्षे पाळली. दहावीच्या सत्कारात मी व्यासपीठावर कोसळले, तेव्हा तुम्ही "उपवास आहे हो तिचा" असे सर्वांना सांगितलेत (त्या दिवशी मी दोनदा जेवले होते). काल ती आज्ञा मोडली. लोहाऱ्यात एका मंडळाने अपस्माराच्या रुग्णांचा स्नेहमेळावा भरवला होता, तेथे गेले.

स्नेह पाहुण्यांनी आपसांतच वाटून घेतला. पाऊण तास ते एकमेकांना शाल-श्रीफळ देत होते आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते आम्ही मागच्या रांगांत उन्हात बसलो होतो. फलकावर 'मन मोकळे करा' असे लिहिले होते, ध्वनिक्षेपक मात्र अध्यक्ष यज्ञेश्वरराव सोडेनात (हे निवृत्त अधिकारी आहेत, निवृत्तीची वार्ता त्यांच्या आवाजापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही). त्यांनी पत्रकातील नऊ कलमे वाचून दाखवली. सातवे असे: झटका आलेल्या व्यक्तीस चप्पल, बूट वा कांदा हुंगवू नये. यावर टाळ्या झाल्या.

टाळ्या चालू असतानाच मी पडले. (पुढील वृत्तान्त ऐकीव आहे, मी केवळ देहाने उपस्थित होते.) सर्वांत आधी धावले यज्ञेश्वरराव, हातात स्वतःचा उजवा बूट घेऊन, आणि मागून "कांदा आणा!" असे ओरडत स्वागताध्यक्ष.

माझ्या शेजारी राळेगावच्या नंदाबाई होत्या. त्या कापूस वेचतात, आजार हाच. त्यांनी मला कुशीवर वळवले, डोक्याखाली आपली पिशवी सरकवली आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "काहून बूट आणता, भाऊ? आताच तं नाही म्हनून वाचलं ना तुमी! घाला तो पायात, अन् पोरीले हवा येऊ द्या."

शुद्धीवर आले तेव्हा त्या माझा हात धरून बसल्या होत्या. "भेऊ नको वो माय. मी परवाच वावराच्या धुऱ्यावर पडलती. उठली, अन् लागली वेचाले. तुह्याजवळ कोन राह्यते अशा वक्ती?"

मी सांगितले, कोणी नाही. घरची माणसे दार लावून घेतात. त्यानंतर, अनोळखी माणसाशी न बोलणारी मी, त्यांच्याशी दीड तास बोलले.

असो. असले मेळावे निरर्थक असतात, हे माझे मत आता पक्के झाले आहे.

आपली आज्ञाधारक (कालचा दिवस वगळून),
ऋचा

ता. क. : पुढील मेळावा रविवारी, ९ मार्चला आहे. मी जाणार आहे. नंदाबाई दोन जागा धरून ठेवणार आहेत.

ता. क. २ : दिवाळीत तुमच्याकडे साबुदाणा काढताना डब्याच्या तळाशी मी घेते त्याच गोळ्यांची पट्टी सापडली, माझ्याहून दुप्पट मात्रेची. होती तशी ठेवली. कोणास बोलले नाही. त्या रविवारी सकाळच्या एसटीने या, मी स्थानकावर उभी असेन. यायचे नसेल, तर निदान जपाच्या वेळी कडी लावू नका.

सोमवार, दि. १० फेब्रुवारी २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी टपालपेटीत टाकले.