पप्पांना गावी कसं न्यायचं

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा भांडण. सणाच्या दिवशी! खाली रस्त्यावर कार्निव्हलची मिरवणूक, ढोल, सगळं कोलोन नाचतंय — आणि आमच्या स्वयंपाकघरात माझा भाऊ दारिओ आणि पप्पा एकमेकांवर ओरडतायत.

दारिओचं म्हणणं, "विमानाने दुपारच्या जेवणाला सिसिलीत गावी पोचाल, पप्पा. आगगाडीने पाठीचा भुगा होईल."

पप्पांचं म्हणणं, "मी आलो आगगाडीने, जाणार आगगाडीने."

"आलात तेव्हा एकोणीस वर्षांचे होतात! फुप्फुसं शाबूत होती!"

 पप्पांच्या नाकातली ऑक्सिजनची नळी तेवढी फुसफुसत होती. कारखान्यात जन्मभर वेल्डिंग केलं, त्याचं हे फळ. दारिओला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागायची कशी हे आमच्या घरात कुणालाच येत नाही.

आई मात्र खिडकीत! उलटी छत्री धरून मिरवणुकीच्या गाड्यांवरून फेकलेल्या गोळ्या-चॉकलेटं झेलत होती. पंचाहत्तरीला आलेली, इथेच कोलोनमध्ये जन्मलेली जर्मन बाई. "अरे, भांडायला उद्याचा दिवस आहे," म्हणाली, "ही गाडी निघून जाईल ना!"

५ मार्च

पप्पांना घेऊन डॉक्टर वर्ट्झबाईंकडे. त्या स्पष्टच बोलल्या. विमानात वर हवा पातळ असते. ऑक्सिजन सोबत असला तरी त्यांच्या छातीला झेपेल असं मी लिहून देणार नाही. आगगाडी लांबची आहे, थकवेल, पण थकवणं वेगळं.

बाहेर आल्यावर पप्पा विजयी! जिना उतरताना तीनदा थांबले धापा टाकत, पण चेहरा असा की शर्यत जिंकलेत.

मग बाकावर बसून हळूच म्हणाले, "आगाता, हे शेवटचं जाणं आहे. परतीचं बघू नकोस."

मला माहीत होतं. तरी ऐकायचं नव्हतं.

६ मार्च

झोप नाही.

८ मार्च

ठरलं. पप्पा आणि मी आगगाडीने. आई आणि दारिओ विमानाने, दोन दिवस आधी.

आईच्या कमरेचा सांधा बदललेला, इतका वेळ बसणं तिला शक्यच नाही. शिवाय नुन्झिया आत्याला मदत करायचीय — संत जोसेफच्या सणाच्या पावांची. चंद्र, मासे, मोर, शिडी, काय काय आकारांचे पाव! यंदा भाऊ येतोय म्हणून आत्याने संतापुढे पावांचं मोठं ताट मांडायचं ठरवलंय. सणाला घरी असायचं, एवढीच पप्पांची इच्छा.

आई-पप्पा लग्न झाल्यापासून कधी वेगवेगळे प्रवासाला निघालेले नाहीत.  रात्रीच्या जेवणाला पप्पा म्हणाले, "तू जा उडत, हिल्डे. मी येतो मागून रांगत."

"नेहमीसारखाच उशिरा," आई म्हणाली. लग्नाच्या दिवशीही पप्पा चर्चमध्ये उशिरा पोचले होते, हे ती आम्हाला अजून ऐकवते.

१३ मार्च, गुरुवार

आई गेली, दारिओबरोबर. विमानतळावर मी सोडायला गेले. पप्पा घरीच, त्यांना तिथल्या गर्दीचा त्रास होतो. दारातच निरोप झाला. आईने त्यांच्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला, उगाच. नंतर गाडीत मला एकसारख्या सूचना — त्याला खिडकीशी बसव, पण वारा लागू देऊ नकोस. गोळ्या जेवणानंतर. चिडला तर चिडू दे. रडला तर मात्र फोन कर.

"पप्पा कधी रडतात?"

"तुला काय माहीत!" ती हसली. आणि मग, "बघ, तो तिकडे राहील. मीही राहीन मग. त्या खेड्यात मला पाव आणायलाही शब्द सापडत नाहीत — पण राहीन."

मी विचारलं नाही, तुला आवडेल का म्हणून.

संध्याकाळी फोन. पोचली. बदामाला फुलं उरली आहेत अजून थोडी. विमानात सँडविच वाईट होतं.

१५ मार्च, शनिवार — आगगाडीत

बाझेल सोडलं. ऑक्सिजनच्या यंत्राची वायर खिडकीखालच्या प्लगमध्ये. पप्पा काचेला कपाळ टेकून बसलेत.

बोगद्यामागून बोगदे. पप्पा आज बोलायलाच लागले! तेव्हा जर्मनीला येताना त्यांच्या डब्यात बारा माणसं होती, सगळी एकाच खोऱ्यातली, कुणाच्या तरी ट्रंकेत जिवंत कोंबडी. सरहद्दीवर तपासणी आली तेव्हा सगळे मोठ्याने गायला लागले, कोंबडीचा आवाज लपवायला. "आणि ती अवलक्षणी अंडं घालून मोकळी झाली!" हसता हसता त्यांना असा खोकला लागला की शेजारची बाई पाणी घेऊन धावली.

मग म्हणाले, कोलोनच्या स्टेशनात उतरलो तेव्हा पाऊस. एक शब्द कळेना. चहाच्या टपरीवर एक पोरगी होती, तिने बोटाने दाखवलं — पैसे ठेव, आधी पी. "तुझी आई."

हे मला माहीत नव्हतं. नाचाच्या कार्यक्रमात भेटलो, असंच दोघं सांगत आले.

मिलान. गाडी बदलली. थकलेत. पण डोळे लकाकतायत.

१६ मार्च, रविवार — दुपार

रात्री बरे झोपले. सकाळी उजव्या हाताला समुद्र!

आता आम्ही सामुद्रधुनीवर आहोत. गाडीचे डबे सुटे करून बोटीच्या पोटात घातले, आणि आगगाडी समुद्र ओलांडतेय. पप्पांना वर डेकवर यायचंच होतं. खलाशाने आणि मी मिळून त्यांना लिफ्टने आणलं. वारा आहे — आई रागावेल.

तिला फोन लावून दिला. पलीकडे बायकांचा कलकलाट. आई तिच्या मोडक्यातोडक्या सिसिलीयनमध्ये ओरडली, "कालो! माझे हात पिठात आहेत! तुझी बहीण मला मोर करू देत नाही, म्हणते बदक दिसतंय!"

पप्पा म्हणाले, "बदकच खाईन मी."

"लवकर ये."

"आलोच."

फोन ठेवल्यावर पप्पा बराच वेळ रडले. उघडउघड, किनाऱ्याकडे बघत. आई फोन कर म्हणाली होती — पण आत्ताच तर झाला बोलून. नाही केला.

१७ मार्च

लिहायला हवं. नाहीतर डोक्यातच फिरत राहील.

काल संध्याकाळी चेफालूच्या फलाटावर, गावाजवळच्या स्टेशनात, दारिओ एकटा उभा होता. मी आधी पप्पांना उतरवण्यात, यंत्र सांभाळण्यात. तो मदतीला पुढे आलाच नाही. नुसता उभा. हातांना पीठ — दारिओच्या हातांना, ज्याने जन्मात कधी कणीक मळली नाही.

पप्पांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. "हिल्डे?"

"पप्पा, आपण आधी बसू या—"

"हिल्डे?"

दारिओने मान हलवली.

फोन झाल्यावर ती पुन्हा पीठ मळायला लागली होती. मग म्हणाली, जरा बसते. बसली. शेजारणीला वाटलं, डुलकी लागली. उठलीच नाही. दारिओने तिला उचललं तेव्हा ते पीठ त्याच्या हातांना लागलं. हृदय, असं गावचे डॉक्टर म्हणाले. प्रवासाचा काही संबंध नाही, असं ते दोनदा म्हणाले, दारिओ दोनदा विचारत राहिला म्हणून.

सगळ्यांनी पप्पांच्या श्वासांवर लक्ष ठेवलं. तिच्याकडे कोण बघत होतं? ती तर सगळ्यांकडे बघणारी.

१८ मार्च

आत्या म्हणते, इथेच ठेवू तिला. माझ्या भावाची, कालोजेरोची, जागा दफनभूमीत आमच्या कुटुंबाच्या ओळीत आहेच, शेजारी हिल्डे. किती छान होईल. दारिओलाही पटतंय. पुन्हा प्रवास नको, पप्पांना तर नकोच.

मीही मान डोलावली. खोटं का बोलू, मला सोपं वाटलं ते.

पप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत. सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाले, "इथे तिला कोण ओळखतं?"

"मी ओळखते!" आत्या चिडली.

"तू तिला मोर करू दिला नाहीस."

आत्या एप्रनने तोंड झाकून रडायला लागली. पप्पांनी तिचा हात धरला. "नुन्झिया, ती इथे दर उन्हाळ्यात पाहुणी म्हणून आली. माझ्यासाठी. पाहुण्याला असं ठेवून घेत नाहीत. पोचवून देतात."

१९ मार्च — संत जोसेफ

ताट मांडलं होतं. गाव येऊन गेलं. मधोमध आईच्या हातचा एक वेडावाकडा पाव — मान जाड, शेपटी आखूड. आत्याने भाजून ठेवला होता. कुणी हात लावला नाही. शेवटी पप्पांनीच मोडला, आणि सगळ्यांना एकेक तुकडा दिला.

२० मार्च

शवपेटी विमानाने कोलोनला जाणार. पप्पा आणि मी आगगाडीने, दारिओ पेटीबरोबर. मी सगळं ठरवून आले.

पप्पा: "नाही. मी तिच्याबरोबर."

वर्ट्झबाईंना फोन केला. त्या नाहीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, त्यांना द्या. पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं जर्मन म्हातारपणी अडखळतं, पण आज एकही शब्द चुकला नाही. "डॉक्टर, एकदा मी तिला एकटीला पाठवलं. श्वास पुरला तर पुरला."

बाईंनी त्या विमान कंपनीला हवं ते लिहून पाठवलं. 

२२ मार्च, शनिवार

उडालो. ते पहिल्यांदाच विमानात. वर गेल्यावर ओठ निळसर झाले, नखंही. हवाईसुंदरीने ऑक्सिजन वाढवला. दारिओने एक हात धरलेला, मी दुसरा. डोळे मिटून ते एकच विचारत होते, "ती खाली आहे ना? आपल्याच खाली?"

"हो पप्पा. आपल्याच खाली."

ढगांतून उतरलो तेव्हा कोलोनवर पाऊस. डोळे उघडले त्यांनी. श्वास होता.

२६ मार्च

आईला निरोप दिला. तिच्या चौकातली सगळी माणसं आली होती — बेकरीवाली, टपालवाला, कार्निव्हलच्या मंडळातल्या म्हाताऱ्या रंगीत टोप्या हातात धरून. पप्पा शेवटपर्यंत उभे राहिले. दारिओ आणि मी दोन्ही बाजूंना, एकमेकांशी न भांडता.

४ एप्रिल

नुन्झिया आत्याचा फोन. खोली तुझी तशीच ठेवलीय, ताकद आली की ये, आगगाडीने ये नाहीतर उडत ये.

पप्पा म्हणाले, "खोली दे कुणाला तरी, नुन्झिया. मी घरी आलोय."