टाकी भरल्यावर पंप आपोआप बंद होण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय सदुसष्ट, लिफ्ट दुरुस्ती विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने व स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण या मुद्द्यावर घरात एकमत नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणतात. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना मीही एकतीस वर्षे बाहेरून हेच सांगत आलो, म्हणून हा कागद करून ठेवत आहे.

कलम १. राहते घर, बँकेतील ठेवी आणि कपाटातील सर्व चीजवस्तू माझ्या पत्नीला मिळाव्यात. मुलीची यास हरकत नाही. "बाबा, फक्त त्या वायरी माझ्या गळ्यात मारू नका," एवढीच तिची अट आहे.

कलम २. सदर वायरी, पलंगाखालच्या तीन खोक्यांसह, माझ्या मेहुण्यांना द्याव्यात. त्यांनी माझे सोल्डरिंगचे यंत्र सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेले. मागितले की म्हणतात, "भावजी, ते काय कुठे पळून जातंय?" तेव्हा त्यांनी ते आता कायमचे ठेवून घ्यावे आणि वायरीही आपल्या पलंगाखाली ठेवाव्यात. त्यातली एकही टाकून देता येणार नाही, कारण प्रत्येक कधी ना कधी लागणार आहे.

कलम ३. माझे चार छोटे संगणक. खिशात मावणारी, एकाच हिरव्या पट्टीवर सगळे काही बसवलेली ही स्वस्त चीज निवृत्तीनंतर माझ्या हाती लागली. पत्नी त्यांना 'तुमची बिस्किटं' म्हणते. पहिले बिस्किट दारावर आहे. आलेल्या माणसाचा चेहरा ओळखून ते नाव पुकारते. मेहुण्यांना ते आजतागायत 'अनोळखी व्यक्ती' म्हणते. हा दोष मी मुद्दाम काढलेला नाही. दुसरे कुंड्यांना पाणी घालते. निवडुंग त्यानेच बुडवून मारला. तिसरे दोरीवरचे कपडे वाळले की माझ्या फोनवर संदेश पाठवते. दोरी माझ्या खुर्चीपासून चार हातांवर आहे, हे मुलीने तेव्हाच दाखवून दिले होते. ही तिन्ही मुलीने काढून टाकावीत. पासवर्ड फ्रिजच्या मागे चिकटवला आहे. फ्रिज हलवायला दोन माणसे लागतील.

कलम ४. चौथे बिस्किट, म्हणजे पंपाचे. हे कलम लांबेल, त्याला इलाज नाही.

टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारे हे यंत्र मी निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात बसवले. त्या दिवसांत मी भिंतीकडे तोंड करून बसत असे आणि जेवण जात नसे. पहिल्याच सकाळी पत्नी मागच्या गॅलरीतून ओरडली, "अहो, टाकी भरली! तुमच्या यंत्रानं पंप बंद केला बरं का!" त्या दिवशी मी दोनदा भात मागून घेतला. नऊ वर्षे ती रोज सकाळी हे सांगत आली आहे. पंप सकाळी घड्याळावर सुरू होतो, आणि यंत्र बसल्यावर तो हाताने बंद करायचीही गरज उरली नाही म्हणून त्याचे बटण मीच तेव्हा काढून गॅलरीत छताजवळ नेऊन बसवले.

यंत्र पाण्याचे आलेखही काढते. त्यांच्या आधारे मी पत्नीला वेळोवेळी फैलावर घेतले. "सकाळी दहाला एवढं पाणी कशाला लागतं तुला?" ती म्हणायची, "बरं, कमी करीन."

गेल्या महिन्यात प्लंबरला घेऊन गच्चीवर गेलो. तिथे एकसारख्या चार काळ्या टाक्या आहेत. तो म्हणाला, "काका, तुमची वायर खालच्या मजल्यावरच्यांच्या टाकीत आहे. तुमची टाकी ती पलीकडची." खालच्या मजल्यावर निवृत्त ग्रंथपाल राहतात. ते दहाला आंघोळ करतात, सावकाश.

म्हणजे माझ्या यंत्राला आमच्या टाकीची नऊ वर्षांत गंधवार्ता नव्हती. मग पंप कोण बंद करत होते? दुसऱ्या सकाळी मी वर्तमानपत्राआडून पाहिले. टाकी भरून पाणी वाहू लागल्याचा आवाज आला तशी पत्नी उठली, स्टूल ओढले, गुडघा धरून त्यावर चढली, छताजवळचे बटण दाबले, उतरली आणि ओरडली, "अहो, टाकी भरली!" मी नेहमीप्रमाणे "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असे म्हणालो.

'नवा प्रयोग करायचा आहे' अशी थाप मारून मी त्याच दुपारी ते बटण तिच्या खांद्याच्या उंचीवर आणले. पहिल्या झटक्यात यशस्वी झालेला हा माझा एकमेव प्रयोग.

आज यादी करण्यासाठी चौथे बिस्किट सगळ्या वायरींसकट काढून टेबलावर आणले आहे. हे कलम लिहीत असतानाच गॅलरीतून हाक आली, "अहो, टाकी भरली! केला हो तुमच्या यंत्रानं बंद!" यंत्र माझ्या डाव्या हाताशी पडले होते. मी म्हणालो, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

हे बिस्किट पत्नीला द्यावे. दहाच्या पाण्याबद्दल जे जे बोललो त्याची मी तिची माफी मागतो. भिंतीकडचे माझे तोंड तिने फिरवले, हे मला कळले आहे, एवढे तिला सांगावे. तिच्यासमोर हे माझ्याने बोलवणार नाही.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. मात्र शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, तर हे पाकीट न फोडता मला परत द्यावे. आईला काहीही सांगू नये. पंप पूर्वीप्रमाणे आपोआप बंद होत राहील.

सही: घरमालक, तिसरा मजला

साक्षीदार १: ग्रंथपाल, दुसरा मजला (मजकूर वाचला नाही, आंघोळ व्हायची होती)
साक्षीदार २: प्लंबर (मजकूर ठाऊक आहे, कुठे बोलणार नाही)

ठिकाण: जेवणाचे टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा मंगळवार, टाकी भरल्यानंतर