पुस्तकांसकट वजन

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते, हे तुला कळावं म्हणूनच वाकून.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कठड्याला शिव्या देतेस का? देत जा, त्याने पायऱ्या कमी होत नसल्या तरी लक्षात राहत नाहीत. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. ‘ठीक’ हा शब्द मी विचार करून वापरला आहे, तेव्हा त्यात जास्त शिरू नकोस.

फोनवर तुला मी ‘घशाचं जरासं’ म्हणालो होतो. ते घशाच्या बरंच खाली आहे, अन्ननलिका जठराला मिळते तिथे. (नदी सागराला मिळते ती जागा आपल्या शाळेतल्या कवींना किती प्रिय! माझ्या संगमावर मात्र गाठ निघाली.) कॅन्सर आहे, ताई. झालं, लिहून टाकलं. फोनवर हा शब्द कितीदा जिभेवर यायचा आणि मी तुझ्याकडच्या हवेची चौकशी करून फोन ठेवून द्यायचो.

इथल्या डॉक्टरीणबाई (वय माझ्या जुन्या छत्रीइतकं असेल, पण बोलणं शांत) म्हणाल्या, ऑपरेशन तर करायचंच, पण त्याआधी नुसती केमो द्यावी की केमो आणि रेडिएशन दोन्ही, यातलं जास्त गुणकारी काय याचा अभ्यास चालू आहे. काही रोग्यांना एक, काहींना दोन्ही. कुणाला काय हे डॉक्टरही ठरवत नाहीत, कॉम्प्युटर चिठ्ठी उचलल्यासारखं ठरवतो. यावर आमची ही म्हणाली, “जन्मात एक निर्णय स्वतः घेतला नाहीत, हाही यंत्राने घेतला तर काय बिघडलं?” मी लगेच हो म्हटलं. शाळेतल्या कवितांनी आपल्या पिढीचं हेच नुकसान केलंय. स्वतः जळून मागच्यांना उजेड द्यायची संधी दिसली रे दिसली की आपण वात पुढे करून मोकळे. तुला आठवतं, तू भांडी घासता घासता माझ्याकडून कविता पाठ करून घ्यायचीस आणि मी तिसऱ्या कडव्याला अडलो की ओल्या हाताने कान धरायचीस? तो ओला कान मला अजून थंड लागतो. असो. यंत्राने मला दोन्ही दिलं.

प्रतीक्षागृहात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक शिंपीदादा असायचे. आजार तोच, पण गट नुसत्या केमोचा. मला दोन्ही मिळतंय हे कळल्यावर म्हणाले, “वशिला कुणाचा हो?” मला तर पंगतीत दोनदा वाढून घेतल्यासारखी लाज वाटली. नजरेनेच ते माणसाचं माप घ्यायचे. दर खेपेला सांगायचे, तुमचा कोट खांद्यात बोटभर सैल झाला. स्वतःच्या सदऱ्याबद्दल अवाक्षर नाही, आणि तो तर खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. एक दिवस शस्त्रक्रियेवाल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की वजन फार उतरलंय, एवढ्या मोठ्या ऑपरेशनचा घाव या देहाला झेपणार नाही. बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, “माप सगळं घेऊन झालं होतं. कापडच कमी पडलं.” त्यानंतर ती खुर्ची रिकामी असते. कुणी बसलं तर मला राग येतो.

ताई, त्या दिवसापासून वजनकाट्याची मला धडकी भरली. घास तर उतरत नव्हताच. तेव्हा पुढच्या खेपेला मी कोटाच्या आतल्या खिशांत आपली जुनी शाळेची कवितांची पुस्तकं घातली (तीच, तू खाकी कागदाची कव्हरं घातलेली). काट्यावरची बाई म्हणाली, “आजोबा, कोट काढताय ना?” मी दात वाजवून थंडीचं सोंग केलं. वजन जिथल्या तिथे! हिचा चेहरा असा फुलला की पुढच्या वेळी मी आणखी पुस्तकं घेतली. देह उतरत गेला तसतसं साहित्य वाढत गेलं. कविता संपल्यावर नाइलाजाने गद्यालाही हात घातला, आणि तेही कमी पडलं तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेचं पितळी कुलूप.

मग व्हायचं तेच झालं. रेडिएशनच्या खोलीत छातीवर शाईच्या खुणा करून निजवतात, हात डोक्यावर, हलायचं नाही. कोट बाहेर नेहमी ही सांभाळायची. त्या दिवशी ही औषधं आणायला गेली होती, म्हणून यंत्रावरच्या मुलाने तो आत भिंतीच्या खुंटीला लावला. मी मनातल्या मनात तिसऱ्या कडव्याशी झटत होतो, तोच धाडकन आवाज! गिलाव्यासकट खुंटी खाली आणि जमिनीवर सगळं वाङ्मय. कुलूप गडगडत माझ्या टेबलाखाली. तो मुलगा म्हणाला, “आजोबा, शाळा लुटली का?”

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं होतं. त्यांनी पुस्तकं एकावर एक नीट रचली आणि सांगितलं, की केमोचा डोस उंची-वजनाच्या हिशेबाने काढतात. म्हणजे माझ्याबरोबर त्या पुस्तकांनाही डोस मिळत होता. (केस फक्त माझे गेले.) म्हणाल्या, तो फरक थोडा आहे, सुधारता येईल. पण वजन टिकलंय असं समजून आम्ही तुम्हाला आधी अन्नाची नळी घातली नाही. तेवढे आठवडे मला परत आणता येणार नाहीत. मी कुलपाकडे बघत उभा राहिलो. घरी येताना पुस्तकांची पिशवी हिने उचलली. पिशवीचा हात बदलत म्हणाली, “फसवायचंच होतं तर हलकं काही घ्यायचं होतंत. खांदे किती दुखले असतील.”

तर आता नाकातून नळी आहे, तीतून डब्यातली पावडर पाण्यात कालवून पोटात सोडतात. केमो आणि रेडिएशन संपलंय. पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाई स्वतःच्या डोळ्यांसमोर, दवाखान्याच्या पातळ झग्यात, माझं वजन करणार. टिकलं तर ऑपरेशन. नाही टिकलं तर काय, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मग बघू.” आपल्या शाळेत गुरुजी असं म्हणायचे तेव्हा सहलीचं काही खरं नसायचं.

बाकी सर्व क्षेम. तू येण्याची तसदी मुळीच घेऊ नकोस. गुडघे, जिना, प्रवास, कशाला? इथे आमचं छान चाललंय.

तुझा,
अडलेला धाकटा

ता. क. : छान वगैरे काही नाही. कालपासून पाण्याचा घोटही वर येतो.

ता. क. दुसरा : हे खरं तर पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. तू ये. माझ्यासाठी नको, हिच्यासाठी. नळी लागल्यापासून घरात गॅस फक्त चहाला पेटतो. माझी पावडर कालवते, मला देते, आणि भांड्यात उरलेली उभ्याउभ्या स्वतः पिते. विचारलं तर म्हणते, वाया कशाला घालवायची? आणि मी बघतो, ती मुद्दाम जास्तीची कालवते. परवा मला उशीला टेकवताना तिचं मनगटी घड्याळ सरकत थेट कोपरापाशी गेलं. डॉक्टरांच्या अभ्यासात मी एकटा आहे, ताई, पण वजन दोघांचं उतरतंय, आणि तिचं कुणी करत नाही. तेव्हा गुडघे दाखवायला आलीस असं सांग. नणंद दारात आल्यावर तिला चूल पेटवावीच लागेल, आणि तू काही एकटी जेवायला बसणारी नाहीस. माझ्यासाठी आलीस असं कळलं तर मात्र तुझ्याही हातात पावडरच पडेल.

ता. क. शेवटचा : वासाने माझा जीव कासावीस होईल म्हणून ती स्वयंपाकघराचं दार लावून घेईल. तू उघडं ठेव. आणि आमटीत मीठ कमी पडलं तर नेहमीसारखी मोठ्याने बोल तिला. ती उलट उत्तर देईल. मला आतल्या खोलीत ऐकू आलं पाहिजे.